डाव्या बाजूची पात

“रड,” मी म्हणाले आणि मनीषाच्या थोबाडीत मारली. जोरात मारली. ओसरीवर बसलेल्या पंचवीस-तीस बाया बघत होत्या. तिची मान उजवीकडे वळली आणि तशीच राहिली. डाव्या गालावर माझी चार बोटं उठली, पण डोळ्यांत पाणी नाही. तिच्या पुढ्यात माझ्या मुलाची चप्पल ठेवलेली होती, गोठ्यात घालायची, शेण वाळलेली. ती मीच आणायला लावली होती.

मनीषा माझी सून. नवनाथ माझा एकुलता मुलगा. चार दिवसांपूर्वी तो तिसगावच्या बाजारात उभ्या उभ्या पडला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. वय छत्तीस. तेव्हापासून ही पोर रडली नव्हती, बोलली नव्हती. पाण्याशिवाय तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. चार वर्षांची आरोही मांडीवर येऊन बसली तरी तिचे हात वर उचलत नव्हते.

थापड खाल्ल्यावर ती उठली. दोरीवरचा नवनाथचा जुना सदरा ओढला, डोक्याला बांधला आणि बायांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेली. पाय उघडे. आमच्या घरून शेताकडे जाणारी वाट विहिरीच्या काठावरून जाते आणि विहिरीला कठडा नाही. मी तिच्यामागे पळाले. सहासष्टाव्या वर्षी बाईला जेवढं पळता येतं तेवढं पळाले.

विहिरीपाशी ती थांबली नाही. तिकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे तीन एकर ज्वारी वाळून कडकड वाजत उभी होती. तिच्या कडेला मनीषा वाकली, बुडाशी दोन ताटं धरली आणि उपटली. पायावर आपटून माती झाडली, आडवी टाकली. मग पुढची दोन.

हे सहा वर्षांपूर्वीचं. माघ आला, वारा कोरडा झाला, ज्वारीच्या पाल्याचा आवाज यायला लागला की मला दुसरं काही आठवत नाही. लोकांना सुगी म्हटलं की हुरडा आठवतो. माझ्या तळहाताला ती थापड आठवते.

थापड मारायचं मला कुणी शिकवलं नव्हतं, मी स्वतःच त्यात तयार झाले होते. आमच्या भागात एखाद्या घरी माणूस गेलं आणि त्याची बायको किंवा आई रडत नसली, दगडासारखी बसली, तर म्हणतात, हिला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल. ते काम माझ्याकडे असायचं. “भागाबाईला आना,” म्हणायचे. मी जायचे. आधी गेलेल्याची चप्पल पुढ्यात ठेवायची. मग त्याच्या चार गोष्टी काढायच्या, तो काय खायचा, कशी हाक मारायचा. नाही जमलं तर खांदे धरून हलवायचं. तरी नाही जमलं तर थापड. थापडीने बहुतेक रडायच्या. मग सगळ्या बाया हेल काढायच्या आणि मी पदराने तोंड पुसून चहा प्यायचे. मला मान होता. जिला रडवलं ती नंतर कशी राहिली, जेवली का, झोपली का, हे बघायला मी एकदाही परत गेले नाही. कुणी बोलावलंच नाही तर कशाला जाऊ?

मनीषा सोनईची. तिकडे पाटाचं पाणी, ऊस. ज्वारी उपटणं तिला लग्न होऊन आल्यावर कळलं. पहिल्या वर्षी तिच्या हातांचे फोड बघून नवनाथ हसला होता. “सोनईची बागायती पोर, तुला कोरडवाहू सोसंल का?” तिने फोड आलेल्या हाताने त्याच्या पाठीत गुद्दा घातला होता. हे सगळं मला चप्पल पुढ्यात ठेवताना आठवलं नाही. माझं ध्यान बायांकडे होतं. माझ्याच घरात माझीच सून रडत नाही, हे त्या बघत होत्या.

मी शेताच्या बांधावर धापा टाकत बसले. पाठोपाठ तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलत दीर, भावकीत वडीलधारे.

“वहिनी, ह्ये काय? सुतकात पिकाला हात? लोक काय म्हनतील?”

“लोक घरात बसून चा पित्यात. जाऊन त्यास्नीच इचारा.”

“नवाला जाऊन चार दिस झालं न्हाईत आन् ही सुगी करती?”

“तुमी उपटता का मग? या. तीन एकर हाय.”

तात्यांनी टोपी सारखी केली आणि गेले. ते चुकले आणि मी शहाणी असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्यातलीच होते. एवढंच की मी विहीर बघितली होती, त्यांनी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा पुन्हा शेतात. मी आरोहीला तात्यांच्या सुनेकडे ठेवलं आणि हाताला चिंध्या गुंडाळून तिच्या शेजारची पात धरली. पात म्हणजे प्रत्येक बाईने आपल्या वाट्याला घेतलेल्या ओळी. मी शेजारी वाकल्याबरोबर ती उठली आणि चार पाती सोडून पलीकडे जाऊन लागली. मी पुन्हा जवळ गेले नाही. एवढी अक्कल मला तोपर्यंत आली होती. उपटता उपटता दर थोड्या वेळाने मी मान वर करायचे. तिचं डोकं ज्वारीच्या वर दिसलं की पुन्हा खाली वाकायचे.

घरी माणसं येतच होती. शेतातून आलं की पाय धुवायच्या आत कोणीतरी कोपऱ्यावरून हेल काढायला सुरुवात करायचं. दारापर्यंत येताना रडायचं, गळ्यात पडायचं, आणि दोन मिनिटांनी डोळे पुसून विचारायचं, “जमीन पोरीच्या नावावर हुईल का गं?” या माणसांबद्दल मला आजही चांगलं बोलवत नाही. एक म्हणाली, देवाला चांगलीच माणसं लागतात. मी म्हटलं, मग तुझा नवरा शंभर वर्षं जगंल. ती पुन्हा आली नाही, तेवढीच एक कमी झाली. एकजण म्हणाला, काळ हेच औषध. त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर नवनाथचा फोटो गाण्यासकट फिरत होता. एक लांबची नणंद आरोहीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “हिच्या जागी पोरगा असता तर आधार झाला असता.” चार वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. त्या रात्री तिने मला विचारलं, “आज्जी, माझ्या जागी कोन यनार हाय?” नणंदेला मी उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि प्रत्येकाला एकच हवं असायचं. शेवटचं काय बोलला?

बाजाराला निघायच्या आधी नवनाथ चुलीपुढे जेवायला बसला होता. मी भाकरी टाकत होते आणि दाराबाहेरच्या कुणाशी तरी भांडत होते, कोंबड्यांवरून. तो म्हणाला, “आई, भाकरी करपली.” खरंच करपली होती. त्याने तीच खाल्ली आणि गेला. शेवटचं तेवढंच. मी हे खरं खरं सांगायचे आणि लोकांची तोंडं पडायची. त्यांना वाटायचं, पोराने आईला सांभाळ म्हटलं असेल, देवाचं नाव घेतलं असेल. एका बाईने तर मला समजावलं, “असं नगा सांगू, बरं न्हाई दिसत.”

सातव्या दिवशी सोनईहून मनीषाचा भाऊ गाडी घेऊन आला. बांधावर उभा राहून त्याने बहिणीला हाका मारल्या. ती थांबली नाही. मग तो माझ्याकडे वळला. “मावशी, तुम्ही तिला मारलं असं ऐकलं.”

“मारलं.”

“आणि आता शेतात राबवता?”

“मी न्हाई राबवत. ती आपली आपन आली. न्यायची असंल तर ने. तिला इचार, मला इचारू नको.”

त्याने तिच्यापुढे जाऊन विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. तो बराच वेळ पांढऱ्या कपड्यांत ज्वारीत उभा राहिला आणि मग गेला. मला मनातून वाटत होतं की तिने जावं. माहेरी विहीर घरापासून लांब आहे. आणि मला हेही वाटत होतं की तिने जाऊ नये. यातलं जास्त काय वाटत होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्याच दिवशी दुपारी सडकेवरून एक बाई शेतात शिरली. माझ्याच वयाची, वाळकी, कमरेत वाकलेली. जवळ आल्यावर ओळखलं. पलीकडच्या वस्तीवरची हिराबाई.

“ये, बस,” मी म्हटलं.

“बस म्हनू नको. मी बसाया आली न्हाई.”

“मंग?”

“सडकंवरनं ज्वारी उभी दिसली. आन् तुझं तोंड बघायचं हुतं, त्येबी खरं हाय. बघितलं.”

तिने कमरेची पिशवी बांधावर ठेवली, हाताला फडकं बांधायला घेतलं. बांधता बांधता म्हणाली, “माझा मालक गेला तवा तू मला मारलं हुतं. ध्यानात हाय का?”

ध्यानात होतं. वीस-बावीस वर्षं झाली होती. हिरा तीन दिवस रडली नव्हती आणि माझ्या एका थापडीत मोठ्याने रडली होती. ती गोष्ट मी कितीतरी जणींना सांगितली होती.

“ह्या कानात त्या दिसापासनं आवाज न्हाई,” तिने डाव्या कानाला बोट लावलं. “पडदा फाटला म्हनला डाक्टर.”

“तवाच का न्हाई सांगितलं?”

“तुला? तू लई मानाची बाई. सासू म्हनली, रडली न्हवं, मंग झालं तर.” तिने दाताने गाठ आवळली. “मी कान ठणकला म्हनून रडले, भागे. मालकासाठी रडले ते पुढं चार महिन्यांनी. भुईमूग फोडताना. एकटी हुते, कुनी चप्पल ठिवली न्हवती पुढ्यात.”

हिराबाई वाकली आणि पातीला लागली. ती लंगडत लंगडत उपटायची पण तिचा हात चालू असायचा, मधे थांबायचा नाही. दोन पाती पलीकडे मनीषा होती. तिने सगळं ऐकलं होतं. पहिल्यांदा तिने मान वर करून आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, हिराबाईच्या कानाकडे.

दुपारी हिराबाईने भाकरीचं फडकं सोडलं. अर्धी भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला आणि मनीषाच्या हातावर दिली. खा म्हटलं नाही. तोंडाकडे बघत बसली नाही. पाठ फिरवून आपली अर्धी खात बसली. थोड्या वेळाने मनीषाचा जबडा हलताना दिसला. आठवडाभर माझ्या घरात पिठलं-भाकरीची पातेली येऊन पडत होती. प्रत्येक पातेल्यामागे चार बाया उभ्या असायच्या, एक घास खा गं, आमच्यासाठी खा. तुमच्यासाठी का खावं तिने?

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आमच्या आधी हजर. ती ज्या पातीला लागली, तिच्या डाव्या बाजूची पात मनीषाने धरली. मला वाटलं, सहज धरली असेल. ती पात संपली, दोघी परत फिरल्या, तोंडं उलट्या दिशेला झाली. मनीषा हिराबाईच्या मागून फिरून पुन्हा तिच्या डाव्या अंगाला गेली. तेव्हा मी नीट बघितलं. मनीषाचे ओठ हलत होते.

ती बोलत होती. खाली मान, हातात ज्वारीची ताटं, आणि हलक्या आवाजात सारखी बोलत होती, त्या बहिऱ्या कानाकडे. वारा पाला वाजवत होता, मला एक शब्द कळत नव्हता. हिराबाई हूं नाही की चूं नाही. उपटायची, पायावर झाडायची, टाकायची. मधेच एकदा मनीषाचे हात थांबले, ती खाली बसली आणि तिचे खांदे गदागदा हलायला लागले. मी धावणार होते. हिराबाईने मागे वळून बघितलं नाही. तिने आपली पात उपटता उपटता मनीषाचीही उपटायला घेतली, दोन्ही पाती पुढे नेत राहिली. मनीषा उठली तेव्हा तिचं काम मागे राहिलेलं नव्हतं. ती पुढे जाऊन पुन्हा डाव्या अंगाला लागली.

असं सात-आठ दिवस चाललं. मला राग येत होता, खोटं का सांगू. तो माझा मुलगा होता. त्याच्याबद्दल काही बोलायचं तर माझ्याशी बोलावं, परक्या बाईच्या मेलेल्या कानाशी काय बोलायचं? एकदा पाणी पिताना मी हिराबाईला धरलंच.

“काय बोलती गं ती?”

“मला काय ठावं? कान तूच बंद केलास न्हवं,” ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात देऊन गेली.

यावर कुणी असं म्हणू नये की बघा, थापड शेवटी कामाला आली. असं एका मास्तरीणबाईंनी मला हसत हसत म्हणून बघितलं आहे. मी त्यांना दाराची वाट दाखवली. एका बाईचा कान गेला तो गेला. त्यातून दुसरीचं बरं झालं ते तिने आपल्या हुशारीने करून घेतलं. त्यात माझं काही नाही.

त्या दिवसांतच दहाव्याला मांडव पडला. कोपऱ्यावर नवनाथचा हसरा फ्लेक्स लागला, खाली श्रद्धांजली देणाऱ्यांचे फोटो त्याच्यापेक्षा मोठे. एका पुढाऱ्याने माईकवर भाषण केलं आणि तीनदा त्याला नामदेव म्हणाला. मी खालून ओरडले, “नवनाथ!” बायांनी मला गप्प बसवलं. हिराबाई मांडवात आली नव्हती. ती शेतात होती. सगळे जेवून गेल्यावर मी आणि मनीषा शेतात गेलो, तर तिने एकटीने अर्ध्या एकराच्या पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाली, “झालं का तुमचं?” बस.

या माघात हिराबाई गेली. आठ दिवस अंथरुणावर होती. तिची मुलगी लता तिच्याजवळच राहायची, नवऱ्याने टाकलेली. मी गेले तेव्हा लता भिंतीला टेकून दगडासारखी बसली होती. मला बघून बाया बाजूला सरल्या. “सरा, सरा, भागाबाई आली. आता रडंल लता.” सहा वर्षांत कुणाच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. एकीने तर हिराबाईची चप्पलही उचलून आणली.

मी ती चप्पल घेतली आणि उंबऱ्याबाहेर जिथे होती तिथे ठेवली. विचारलं, “म्हशीला पाणी दावलं का कुनी?” कुणी दावलं नव्हतं. घरात चाळीस माणसं आणि म्हैस सकाळपासून ओरडत होती. मी गोठ्यात गेले, पाणी दावलं, शेण ओढलं आणि चरवी घेऊन धारेला बसले. मागून आवाज आला. लता दारात उभी होती.

“मावशे, ती आईबिगर कुनाला धार देत न्हाई.”

“मंग लाथ खाईन.”

खाल्लीच. मांडीवर अजून काळं आहे. दुसऱ्या वेळेला लता आत आली, म्हशीची पाठ खाजवत उभी राहिली आणि म्हैस पान्हावली. मी चार दिवस दोन्ही वेळेला जात होते. लता रडली का, मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

मनीषाने त्या थापडीचा विषय कधी काढला नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला हवी, हे कळतं. रोज एका पातेल्यातलं वाढून घेतो, एका दोरीवर कपडे वाळत घालतो, आणि ते तेवढं राहून गेलं आहे. तिने मला माफ केलं आहे असं मला वाटत नाही. का करावं? आता शेत तीच बघते. बाकीच्यांनी ज्वारी सोडून कांदा धरला, ती दरवर्षी एक एकर तरी ज्वारी पेरते. उपटायला बाया लावते आणि स्वतःही एक पात धरते. तिच्या डाव्या बाजूच्या पातीला कुणी लागलं की मी बघत राहते.

नवनाथ गेला त्या वर्षी ज्वारी होळीच्या आदल्या दिवशी संपली. होळी तो गेल्यानंतरचा पहिला सण, म्हणून बाया पुन्हा रडायला येणार होत्या. सडकेने मढीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या ढोल वाजवत चालल्या होत्या. मढीचा देव नऊ नाथांतला एक, नवनाथ त्याच्याच नवसाचा, म्हणून त्याचं नाव तसं. मी होळीच्या सकाळी भाकरी टाकत बसले होते आणि त्या ढोलाकडे कान होता. मनीषा आरोहीला घेऊन चुलीपुढे येऊन बसली. पंचवीस दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“आत्या,” ती म्हणाली, “भाकरी करपली.”

मी तव्याकडे बघितलं. खरंच करपली होती. मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, भाकरी काढली. तिने ती माझ्या हातातून घेतली, काळा पापुद्रा नखाने खरवडला, अर्धी आरोहीला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

त्या सुगीतून आम्ही चौघी जगलो. मनीषा, आरोही, हिराबाई आणि मी. हिराबाई आता नाही. बाकीच्या तिघी आहोत.